ब्रेकमधली हवा

सासरे डोंगरापलीकडच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते आणि आमची गाडी गॅरेजमध्ये जॅकवर चढलेली. "दोघा पोरांना एकत्र बघायचंय," एवढंच ते नणंदेजवळ बोलले होते. नवा मास्टर सिलिंडर बसवून झाला होता, ब्रेकच्या पाइपांतली हवा तेवढी काढायची होती. तशीच गाडी डोंगरावरून उतरवली असती, तर सासऱ्यांच्या आधी आम्हीच वर पोचलो असतो.

हे काम दोघांचं. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, सैल करून हवा बाहेर सोडायची, निपल आवळायचं, मगच पहिल्याने पाय उचलायचा. माणसं दोन होती, सख्खे भाऊ, एकाच बापाच्या हाताखाली शिकलेले. पण गॅरेजच्या वाटणीपासून त्यांचा अबोला, म्हणून मध्ये मी.

"त्याला सांग, दाबून धर," नवरा चाकाजवळून म्हणाला.

"भाऊजी, दाबून धरा."

"वहिनी, सांग त्याला, धरलंय."

माझे निरोप पोचेपर्यंत निपल उघडंच आणि भाऊजींचा पाय वर. गेलेली हवा परत आत. मग ब्रेक ऑइलची डबी कोरडी पडून पुन्हा हवा शिरली, कारण भरलीस का, हे विचारायला दोघांचीही जीभ रेटेना. पुन्हा पहिल्यापासून.

"बाप तिकडे जातोय आणि तुमची तोंडं फुगलेलीच!" मी ओरडले. पाना उचलून दोघांच्याही डोक्यात घालावा असं वाटलं.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. मी बाहेर गेले.

"बाबा गेले," ती म्हणाली. "शेवटपर्यंत दाराकडे बघत होते गं."

भिंतीला टेकून मी रडून घेतलं. तोंड पुसून आत आले, तर दोघांचे आवाज.

"दाब. धर. हं, सोड."

"सोडलं. डबी बघ रे, दादा."

"भरलीय. आता कसं लागतंय?"

"एकदम कडक!"

त्यांना निरोप्या लागत नव्हता. आणि मी निरोप घेऊन उभी होते.

चाकं चढली, जॅक निघाला. "बस लवकर," नवरा हात पुसत म्हणाला. "एकत्र बघून खूश होतील बाबा." भाऊजी त्याच्या शेजारी बसले. मी मागे.

गाडी रस्त्याला लागली.

"सावकाश चालवा," मी म्हणाले. "आता घाई नाही."

दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं.