टेकडीवरचं टपाल

ढेकूण लांबूच्या सॅकमधून आले की हेडबाईच्या, यावर आमचं आजतागायत एकमत झालेलं नाही. माझ्या सॅकमधून आले नाहीत, एवढं मी शपथेवर सांगते.

आम्ही तिघी हॉस्टेलपासूनच्या मैत्रिणी. लांबू आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. उंची पाच फूट अकरा, त्यामुळे नाव ठेवताना कुणाला डोकं चालवावं लागलं नव्हतं. हेडबाई शाळेत गणित शिकवायची. हेडबाई व्हायला तिला अजून वीस वर्षं होती, पण वागणं आधीपासून तेच. मी रक्त-लघवीच्या लॅबमध्ये. सव्विसाव्या वर्षी तिघींनी दोन महिन्यांची रजा टाकली आणि पाठीवर सॅक घेऊन आशिया पालथा घालायला निघालो. "लोकांना काय सांगू?" म्हणून आई हवालदिल झाली. आत्याने परस्पर 'ट्रेनिंगला गेलीय' असं ठोकून दिलं. कसलं ट्रेनिंग, ते तिने आईलाही सांगितलं नाही.

पाचव्या आठवड्यात आम्ही त्या टेकडीखालच्या गावात उतरलो. आदल्या मुक्कामी गाद्यांतल्या ढेकणांनी आम्हाला फोडून काढलं होतं. लांबू तर बसमध्ये खांबाला पाठ घासत उभी होती. एका घराबाहेर 'खोली मिळेल' अशी पाटी दिसली. दार एका ठेंगण्या, गोल बाईने उघडलं. तिने लांबूचे हात बघितले, मान बघितली आणि आमच्या सॅक उंबऱ्याबाहेरच अडवल्या.

"सगळं धुवायला जाईल," मावशी म्हणाली. आम्ही तिला पुढे मावशीच म्हणायला लागलो. "अंगावरचंसुद्धा. उकळत्या पाण्यात. मग आत यायचं."

भाषेचं म्हणाल तर मावशीला आणि तिच्या नवऱ्याला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, आणि आम्हाला त्यांच्या भाषेतले वीसएक शब्द. त्यातले सात आकडे होते. पण हे फर्मान कळायला शब्द लागले नाहीत. अर्ध्या तासात आम्ही तिघी टॉवेल गुंडाळून पलंगावर ओळीने बसलो होतो आणि आमची उभी मालमत्ता कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेली होती. संध्याकाळी परत मिळणार होती.

दुपारी लाँड्रीवाली स्वतः आली. मशीनचा पट्टा तुटला होता. दार लागलेलंच अडकलं होतं, कपडे आत, पाणीही आत. मिस्त्री दुसऱ्या गावाहून येणार, तीन दिवसांनी.

"तीन दिवस टॉवेलमध्ये?" लांबू म्हणाली. तिला तो टॉवेल एका दिवसालाही पुरण्यासारखा नव्हता.

मावशीचे कपडे आमच्यातल्या एकीलाही होईनात. मग तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मला शंकाच आली. ती नवऱ्याला हाका मारत आत गेली. भांडण झालं. मागोमाग काका ट्रंक ओढत आले. ते उंच, सडसडीत गृहस्थ आठ महिन्यांपूर्वी पोस्टमन म्हणून निवृत्त झाले होते. ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात तीन युनिफॉर्म इस्त्री करून ठेवलेले होते. गडद निळे, पितळी बटणांचे, टोप्यांसकट. मावशीला ती ट्रंक केव्हाची रिकामी हवी होती आणि काका तिला हात लावू देत नव्हते.

"अटी आहेत," काका म्हणाले. "वरचं बटण लावायचं. टोपी सरळ. रस्त्यात खायचं नाही. पायऱ्यांवर बसायचं नाही."

"हो काका," हेडबाई टॉवेल सावरत म्हणाली. शिस्तीचा माणूस भेटला की तिला माहेरी आल्यासारखं वाटतं.

आम्ही दोघींनी विजारी चार चार वेळा दुमडल्या. लांबूला मात्र तो पोशाख मापाने शिवल्यासारखा बसला. काका तिच्याकडे बघत राहिले, मग तिची कॉलर नीट करून म्हणाले, "चालेल."

आम्ही जेवायची जागा शोधायला निघालो. शंभर पावलंही झाली नसतील, न्हाव्याच्या दुकानातून गळ्याला फडकं बांधलेला एक म्हातारा उठून बाहेर आला आणि त्याने लांबूच्या हातात पाकीट ठेवलं. तिकीट लावलेलं. लांबूने ते घेतलं!

"कशाला घेतलंस?" मी दातओठ खाल्ले.

"अगं, इतक्या विश्वासाने दिलं त्यांनी."

पुढे एक बाई खिडकीतून ओरडली. दुसरी जिन्यावरून. बघता बघता आमच्याभोवती घोळका जमला, त्यात बहुतेक बाजाराला खाली उतरलेले टेकडीवरचे लोक होते हे नंतर कळलं, आणि सगळे एका सुरात तावातावाने काहीतरी सांगू लागले. मधेमधे टेकडीकडे बोट. एक अक्षर कळत नव्हतं. मी म्हटलं, पळू या. पण हेडबाईने पालकसभा निभावलेल्या होत्या. तिने वही उघडली, पेन पुढे केलं आणि खुणेने सांगितलं: लिहा, सही करा, रांगेत या. आणि खरंच लोक रांगेत उभे राहिले. मला रांग सरळ ठेवायच्या कामाला लावलं. तेवढ्यात एका कुत्र्याने माझा युनिफॉर्म पाहिला. त्या जमातीचं पोस्टमनशी काय वैर असतं देव जाणे; मी भाजीवाल्याच्या टेबलावर, कोबीच्या ढिगात चढले आणि तिथूनच रांग सरळ ठेवली.

सायकलवरून गावचा खरा पोस्टमन आला. तरुण, जाडगेला. तो उतरला. त्याने आमच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या शर्टाकडे, मग परत आमच्याकडे. आणि सायकल हातात धरून आम्हाला वरातीसारखं पोस्टात घेऊन गेला.

पोस्टमास्तरबाईंच्या टेबलावर सात शिक्के एका रेषेत होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं नाही. मी मनातल्या मनात आईला पत्र लिहायला घेतलं, तुरुंगातून. आत्या म्हणालीच असती, ट्रेनिंग वाढलंय.

कुणीतरी निरोप दिला असावा. दहा मिनिटांत काका धावत आले. अर्धी दाढी झालेली, उरलेल्या गालावर साबण, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. त्यांनी सवयीने सलाम ठोकला तेव्हा थोडा साबण टेबलावर उडाला. ढेकूण, लाँड्री, पट्टा, टॉवेल असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. बाईंचा चेहरा हलला नाही.

तेव्हा हेडबाईने वही टेबलावर ठेवली. "लोकांच्या तक्रारी," ती म्हणाली. "एकतीस. प्रत्येकीवर सही आहे."

काकांनी वही उचलली. ते वाचत गेले आणि आमच्यासाठी इंग्रजीत सांगत गेले. पहिली तक्रार: टेकडीवर आठ महिने टपाल येत नाही. दुसरी: टेकडीवर टपाल येत नाही. तिसरीही तीच. नवव्या पानाशी ते थांबले. वही त्यांनी बाईंकडे सरकवली.

पोस्टमास्तरबाईंनी ती ओळ सावकाश, इंग्रजीत वाचून दाखवली: "आधीचा उंच माणूस आजारी आहे का? आम्ही विचारतोय असं त्याला सांगा."

काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. निरोप समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं आणि त्यानंतर गावात कुणी त्यांची चौकशी केली नव्हती, हे आम्हाला मावशीने नंतर सांगितलं. ज्यांना चौकशी करायची होती, ते सगळे टेकडीवर राहत होते.

"काय हे?" बाईंनी जाड्या पोस्टमनला विचारलं. त्यांच्या भाषेतलं हे बोलणं आम्हाला काकांकडून नंतर कळलं.

"सायकल चढत नाही," तो म्हणाला. "पायऱ्या चारशे बारा आहेत. त्यांनी खाली येऊन टपाल न्यावं. मी सूचना लावलीय."

"कुठे?"

त्याने भिंतीकडे बोट केलं. सूचना पोस्टात, आतल्या बाजूला लावली होती.

"चारशे सहा," काका खिडकीशी उभ्याउभ्याच म्हणाले.

"बारा! मी मोजल्यात."

"नळापासून मोजल्या असशील. नळाच्या सहा पायऱ्या टेकडीच्या नाहीत."

मागच्या खोलीतून दोन पोती निघाली. पोस्टमास्तरबाईंनी ती बघितली, आमच्या टोप्या बघितल्या आणि एक शिक्का उचलून उगाचच दुसऱ्या जागी ठेवला. "युनिफॉर्म घातलाच आहे," त्या म्हणाल्या, "तर ओझं उचला. पत्रं मात्र हेच देतील." आणि काकांसाठी त्यांनी कपाटातून एक टोपी काढली. पोस्टाबाहेर काकांनी गालावरचा साबण बाहीने पुसला आणि टोपी सरळ केली.

पाच आठवडे पाठीवर सॅक वाहिल्याचा आयुष्यात पहिल्यांदाच उपयोग झाला. चारशे सहा पायऱ्या. काका पुढे, मोकळ्या हातांनी, बकरीसारखे चढत. मागून आम्ही तिघी जीभ बाहेर काढून. प्रत्येक दारात आधी आरडाओरडा, मग रडणं, मग काकांना बोलणी. एका आजीने मुलाची नऊ पत्रं तारखेप्रमाणे लावली आणि काकांना दारात उभं करून आठ महिन्यांचा जाब विचारला. काकांनी टोपी काढून सगळं ऐकून घेतलं. इतका सुखाने बोलणी खाणारा माणूस मी पाहिलेला नाही.

सगळ्यात वरच्या घरात एक जाड भिंगांचा शिंपी राहायचा. त्याला सोनेरी पाकीट मिळालं. त्याने उघडलं, वाचलं आणि तो मटकन खाली बसला. सहा महिन्यांपूर्वीच्या लग्नाची पत्रिका होती. त्याच्या सख्ख्या पुतणीच्या. भाऊ टेकडीच्या पायथ्याशी राहतो, गुडघे गेलेत म्हणून त्याने पत्रिका टपालाने पाठवली होती. मला बोलावलं नाही म्हणून हा रुसलेला, हा आला नाही म्हणून तो. सहा महिने दोघांत शब्द नव्हता.

शिंपी उठला. कडेच्या कठड्याशी गेला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून खाली ओरडला. काकांनी आम्हाला सांगितलं, "तो म्हणतोय, पत्रिका आली रे!"

मग खालून, पार नळाच्या बाजूने, एक बारीक आवाज आला.

"काय म्हणतोय?" लांबूने विचारलं.

"म्हणतोय, आत्ता?"

शिंप्याने गळ्यातली टेप तशीच ठेवली, जोडे घातले आणि पायऱ्या उतरायला लागला. खालून परत आवाज आला. या वेळी काकांनी अर्थ सांगितला नाही. ते हसत होते.

तीन दिवस आम्ही पोती वाहिली. चौथ्या दिवशी लाँड्रीवालीने कपडे आणून दिले. हेडबाईच्या लाल ओढणीने तीन दिवस पाण्यात बसून आपला रंग सगळ्यांना सारखा वाटला होता. पुढचे तीन आठवडे आम्ही तिघी अंतर्बाह्य गुलाबी होतो.

निघायच्या सकाळी बसपाशी मावशी एकटीच आली, हातात उकडलेल्या अंड्यांचा डबा. चेहरा रागावलेला.

"काका कुठेत?"

"वर," तिने हनुवटी टेकडीकडे उडवली. "आता आठवड्यातून दोनदा जायचंय त्याला. बाईंनी कागद दिलाय. मी म्हटलं, मुली चालल्यात, आज उशिरा जा. तर म्हणतो, टपाल उशिरा जात नाही."

बस हलली. आम्ही माना वळवून टेकडीकडे बघितलं. अर्ध्या वाटेवर एक निळा ठिपका चढत होता. थांबला नाही, हात हलवला नाही. लांबू हुंदके द्यायला लागली. विचारलं तर म्हणाली, अंड्यात मीठ जास्त आहे. अजून डबा उघडलाही नव्हता.