नवशिक्याची सायकल

आबांनी सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी केली, मागचं चाक जोरात फिरवलं आणि कान जवळ नेला. चाक कुरकुरलं नाही, कुठं घासलं नाही, डावी-उजवीकडे झुललंही नाही. बराच वेळ ते नुसतं फिरत राहिलं. आबांना त्याचा राग आला.

"काय म्हणते?" सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या सुनेनं विचारलं.

"बघतोय," आबा म्हणाले.

बघता बघता आठवडा होत आला होता. एरवी अशी सायकल त्यांनी सकाळच्या चहाआधी निकालात काढली असती. सायकल तशी साधीच होती. जाड टायर, पुढच्या चाकाला शॉकअप, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक. दुकानदार जिला माउंटन बाइक म्हणतात त्यातली ही सगळ्यात खालच्या पायरीवरची. डोंगरात शर्यती लावणारा माणूस तिच्याकडे बघून नाक मुरडेल. पण सुनेला शर्यत लावायची नव्हती. तिला वरच्या वस्त्यांवरच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायचं होतं. खोली तिथंच मिळणार होती, आणि एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जायला खडीचा, दगडगोट्यांचा रस्ता होता. ती शाळेत साधी सायकल चालवायची, त्यालाही आता जमाना झाला होता.

सायकल घेऊन आली त्या दिवशी सासूच्या देखत ती म्हणाली होती, "बाबा चालेल म्हणाले तर मी जाईन. नाही म्हणाले तर जाणार नाही. इथंच काहीतरी बघेन."

तिनं हे मनापासून म्हटलं होतं, आणि आबांची पंचाईत तिथंच झाली. आबा सायकलीबद्दल खोटं बोलत नाहीत अशी सगळ्या गल्लीची खात्री होती. बाकीच्या विषयांत ते सर्रास बोलत. आपल्या तब्येतीबद्दल तर रोजच.

त्यांनी सायकल सुलटी केली. शॉकअपवर दोन्ही हातांनी भार दिला. तो दबला आणि मुकाट वर आला. त्यात जीव कमी होता, स्प्रिंग जड होती, पण कामचलाऊ होता. सांधे घट्ट होते. ब्रेक धरत होते.

"पेडल प्लास्टिकचे आहेत," आबा म्हणाले.

"बदलता येतील ना?"

"येतील. गिअर पण हलक्या दर्जाचे आहेत. चढावर ऐन वेळी चेन उतरली तर काय करशील?"

"बसवीन. तुम्ही शिकवाल तशी."

काहीतरी खुसपट काढायला म्हणून आबा पुन्हा सायकलीवर वाकले. सीट सैल करायला कंपनीनं हातानं उघडायची कडी दिली होती. ती त्यांनी पहिल्याच दिवशी काढून तिथं नट-बोल्ट बसवला होता. हातानं सुटणारी सीट चोर हातानंच नेतो, हे त्यांचं ठाम मत. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक सायकलीची कडी अशीच निघायची. त्यांनी सीटची नळी ओढून बसवली, नट आवळला आणि सायकल तिच्या हाती दिली.

"चालवून दाखव. दारासमोरच."

तिनं पाय टाकला. दोन पेडल मारले, तिसऱ्याला हँडल वाकडंतिकडं व्हायला लागलं. टेकायला तिनं पाय खाली सोडला तर तो जमिनीला पोचेना. सायकल गटाराच्या कडेला गेली आणि तिनं विजेचा खांब मिठी मारल्यासारखा धरला.

"बघितलंस?" आबा म्हणाले. "पुढून जड आहे. तोल धरत नाही. नवशिक्याचं काम नाही हे."

आपल्या आवाजातली सुटका आबांना स्वतःलाच ऐकू आली. सून खांब धरून उभी होती. तिनं सीटकडे पाहिलं, मग आबांकडे पाहिलं.

"मला सवय नाही, बाबा," ती म्हणाली, आणि सायकल हातानं ढकलत परत घेऊन आली.

दुपारी जेवताना आबांच्या बायकोनं विषय काढला. सून आत भांडी घासत होती.

"सायकल वाईट आहे, की तिचं जाणं वाईट आहे?"

"सायकलीचं विचारलंय, सायकलीचं सांगतोय."

"अहो, मला काय सांगता! पोरगी भरल्या वयात आपल्या दोघांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळत बसलीय. मुलगा गेला आपला, तिनं का म्हणून थांबायचं? मला हवंय का तिचं जाणं? ती गेली की या घरात आपण एकमेकांची तोंडं बघत बसणार, एवढं कळतं मला. पण त्यासाठी मी त्या बिचाऱ्या सायकलीला नावं ठेवत नाही."

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. इतके दिवस हळूच बोलतोय सगळे."

आबांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. बायकोचं म्हणणं खोटं नव्हतं. मुलगा जाऊन दोन वर्षं झाली होती. साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता तो गेला. तेव्हापासून सकाळी दुकानाचं शटर वर करताना दुसऱ्या बाजूला हात लावायला सून येऊन उभी राहायची. कुणी सांगितलं नव्हतं. शटर एकट्यानं उघडतं, पण आबांनी तसं कधी म्हटलं नाही. आता तिला सांगायचं काय, की पोरी, शटर जड आहे, जाऊ नकोस? असं सांगायला तोंड लागतं. त्यापेक्षा शॉकअप जड आहे म्हणणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा सायकल खोलली. खरं तर खोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. सीटची नळी बाहेर काढून पुसली, ग्रीस लावलं, परत बसवली. ब्रेकची तार उगाच अर्धा आटा ताणली. सून आली तेव्हा ते फडक्यानं हँडल पुसत होते, पाहुण्यांसमोर ठेवायच्या ताटासारखं.

"बाबा, आज परत एकदा चालवून बघते. एकदाच. मग तुम्ही म्हणाल तसं."

"ने."

तिनं सायकल दुकानाबाहेर काढली आणि हातात धरून चालायला लागली.

"अगं, इथूनच बस ना."

"कोपऱ्यावरून बसते. इथं सगळे बघतात."

आबा पायरीवर उभे राहून पाहत राहिले. ती सायकलीच्या शेजारून सावकाश चालत होती. आजारी माणसाला आधार देऊन न्यावं तशी. हिला चढायलाच जमत नाही, आबांना वाटलं. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्याची त्यांना लाजही वाटली. पण प्रश्न मिटला होता. आता कसलाही आडपडदा न ठेवता सांगता येणार होतं. पोरी, हट्ट सोड, ही सायकल तुझ्या कामाची नाही, आणि तो डोंगरही नाही. वाक्य मनाशी जुळवत त्यांनी हात पुसले, चपला पायात सरकवल्या आणि ते तिच्या मागोमाग निघाले.

कोपऱ्यावर किल्लीवाल्याची टपरी होती. टपरीच्या पलीकडल्या अंगाला, जिथून आबांचं दुकान दिसत नाही तिथं, सून हँडल धरून उभी होती. किल्लीवाला गुडघ्यावर बसून सीटचा नट सैल करत होता.

"काय चाललंय?" आबांनी विचारलं.

किल्लीवाला दचकून उठला. "काही नाही, आबा. जरासं... आवळत होतो."

"मी आवळलाय तो."

किल्लीवाल्याच्या हातातला पाना सुतळीनं टपरीच्या खांबाला बांधलेला होता. खांबाला त्यासाठी खिळा होता, आणि त्या खिळ्याच्या आसपासचा रंग घासून घासून गेला होता. आबांनी तो पाना पाहिला. त्याच मापाचा. सीटच्या नटाचा. किल्लीवाल्याच्या धंद्यात त्याचं काही काम नव्हतं.

"हा इथं कशाला?"

किल्लीवाल्यानं सुनेकडे पाहिलं. सून चाकाकडे बघत होती.

"लोकांना लागतो, आबा."

"कुठल्या लोकांना?"

"तुमच्याकडून सायकल नेतात त्यांना."

आबांना आधी काही उमगलं नाही. मग त्यांनी सीटकडे पाहिलं. ती होती तिथंच होती, जिथं ते कायम बसवत आले होते, आणि त्यांच्या डोळ्यांना तिथंच बरोबर दिसायची. पण आता शेजारी सून उभी होती आणि सीट तिच्या कमरेच्या पार वर आली होती.

दुकानात कामाची वाटणी ठरलेली होती. दुरुस्ती आबांची, चालवून बघणं मुलाचं. काम संपलं की आबा सीट ओढून मुलाच्या उंचीला बसवत, नट आवळत आणि हाक मारत. मुलगा मागच्या उतारावर सायकल पिटाळून आणायचा. आल्यावर गिऱ्हाइकाला शेजारी उभं करून सीट त्याच्या मापानं खाली घ्यायची, हेही मुलाचंच काम. आबांचं काम सीट वर नेली की संपायचं. त्यांच्या हातांच्या लेखी ते आजही तिथंच संपत होतं.

आणि दोन वर्षांत त्यांच्या दारातून एकही गिऱ्हाईक सायकलीवर बसून गेलं नव्हतं. सगळे हातात धरून कोपऱ्यापर्यंत चालत जायचे. रहदारी वाढलीय, असं आबा बायकोला सांगायचे.

"सगळ्यांनाच लागतो?" त्यांनी विचारलं.

"उंच माणसांना नाही लागत," किल्लीवाला म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "पण त्याच्याएवढं उंच आहे कोण इथं?"

आबांनी टपरीच्या फळीला हात टेकला. "मला कुणी बोललं नाही."

"काय बोलायचं होतं, बाबा?" सून म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "तुम्ही हाक मारायला तोंड उघडता आणि मग गप्प बसता. रोज बघते मी."

रस्त्यावरून कुणीतरी नमस्कार करत गेलं. आबांनी मान हलवली, कोण ते पाहिलं नाही. सुनेच्या सायकलीला आपण पुढून जड म्हटलं, ते त्यांना आठवलं. ती खांबाला लटकली तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं, तेही आठवलं.

त्यांनी हात पुढे केला. किल्लीवाल्यानं पाना त्यांच्या हातात दिला.

"उभी राहा शेजारी," आबा सुनेला म्हणाले. "सरळ. चप्पल घालूनच. तिथं घालणार तीच."

हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं. मुलगा नजरेनंच माप घ्यायचा. आबांनी सीट तिच्या कमरेशी आणली, मग आणखी खाली घेतली, दगडांत पाय पटकन टेकायला हवा म्हणून. ग्रीस लावलेली नळी विनासायास खाली गेली. इतक्या सहज जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. नट आवळताना दोनदा पाना घसरला.

"बस."

ती बसली. दोन्ही पाय टेकले. टपरीपासून पुढच्या वळणापर्यंत गेली, थोडी डगमगली, मग सायकल सरळ झाली. वळणावर एका खड्ड्यातून मुद्दाम नेली. परत येताना ब्रेक दाबला आणि सायकल आबांच्या पुढ्यात, जिथं थांबायला हवी तिथं थांबली. तिनं काही विचारलं नाही. धाप लागली होती, आणि चेहऱ्यावरचं हसू ती लपवायचा प्रयत्न करत होती. आबांनी ते हसू फार दिवसांनी पाहिलं.

"शॉकअप हलका नाही," आबा म्हणाले. "उतारावर सीटवर बसून राहू नकोस, पाय सरळ करून उभी राहा. नुसता पुढचा ब्रेक कधी दाबायचा नाही. पेडल मी आज बदलतो. चेन उतरली तर कशी बसवायची ते संध्याकाळी दाखवतो."

"हो."

"गिअर बेताचेच आहेत. पण..." त्यांनी पुढच्या चाकावर हात ठेवला. "नवशिक्याला पुरेशी आहे. चांगली आहे सायकल."

सुनेनं मान खाली घातली. हँडलवरच्या तिच्या मुठी आवळल्या होत्या.

"आईंना तूच सांग," आबा म्हणाले. "जा. बसून जा."

ती सायकलीवर बसूनच गेली, दुकानाच्या दिशेनं, गल्लीच्या मधोमध. ती दिसेनाशी झाली तरी आबा तिथंच उभे होते. किल्लीवाल्यानं स्टूल पुढे सरकवलं. ते बसले नाहीत. त्यानं पाना त्यांच्याकडून घेतला, सुतळी बोटाला गुंडाळली आणि खिळ्याकडे पाहत विचारलं,

"आबा, आता काढून टाकू हा इथून?"

आबांनी आपले हात पाहिले. नखांत ग्रीस होतं. दुकानात दोन सायकली तयार होऊन उभ्या होत्या, दोन्हींच्या सीट मुलाच्या उंचीला ओढून त्यांनी सकाळीच नट आवळले होते.

"नको," ते म्हणाले. "असू दे. लागेल."