नंदाचं बाळंतपण

"आईच्या बाळंतपणात काही त्रास झाला होता का? रक्त जास्त गेलं होतं?" केसपेपरवरून मान वर न करता डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

अक्षदाला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून ती ठाण्याहून कोपरला आईकडे आली होती. नंदा तिच्या शेजारी, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

"आईला? छे हो!" अक्षदा हसली. "आमच्याकडे आईचं बाळंतपण फेमस आहे. दोन तासांत मोकळी झाली आणि पहिलं काय मागितलं, तर चहा! नर्स ओरडली म्हणे, 'अहो बाई, आधी पोरीचं तोंड तरी बघा.' सांग ना गं आई."

नंदाने मान हलवली. हसायचाही प्रयत्न केला.

"मग चांगलंय," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "हिरड्यांतून रक्त येतंय ते या दिवसांत येतं पुष्कळ जणींना. आईचं सुरळीत झालंय म्हणजे आपली निम्मी काळजी मिटली."

पेन कागदावरून सरकत होतं, पण त्या बाळंतपणातलं एक अक्षरही खरं नव्हतं. कारण नंदा कधी बाळंत झालेलीच नव्हती.

चहा मागितला होता तो तिच्या जावेने, भावनाने, आपल्या मुलाच्या, मितेशच्या वेळी. अक्षदा लहान असताना एकदा गळ्यात पडून विचारायला लागली, "मी कशी झाले?" तेव्हा नंदाच्या ओठांवर जी गोष्ट आली ती तिने सांगितली. पुढे पोर दर वाढदिवसाला तीच गोष्ट मागायची, आणि नंदा दर वेळी तिला थोडं तिखटमीठ लावायची. नर्स तर तिने स्वतःच घातली होती. भावना समोर असली की खाली बघायची, पण कधी बोलली नाही.

खरं म्हणजे अक्षदाला त्यांनी कल्याणच्या एका संस्थेतून आणलं होतं, कोर्टाच्या हुकमाने, रीतसर. त्या हुकमावरून नगरपालिकेने जन्माचा नवा दाखलाही दिला. आईचं नाव नंदा, वडिलांचं नाव तानाजी. तो दाखला हातात आला त्या दिवशी नंदाला वाटलं होतं, सरकारनेच लिहून दिलं, आता कुणाची टाप आहे! मग कल्याणची खोली सोडून ते कोपरला आले. इथे कुणी काही विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र तिने मनाच्या तळाशी दडपून ठेवली होती. बाळ ओटीत घालताना संस्थेतल्या बाई म्हणाल्या होत्या, "हिची आई बाळंतपणातच गेली हो. रक्त थांबलंच नाही. डॉक्टरांनी काय लिहिलंय ते फाइलमध्ये आहे, बघायचं असेल तर बघून घ्या." आणि तानाजी ताठ मानेने म्हणाला होता, "काही नको. आता ती आमची आहे." घरी येईपर्यंत दोघांना त्या उत्तराचा केवढा अभिमान वाटला होता!

आता नंदाला आठवू लागलं. अक्षदाची दाढ काढली तेव्हा रात्र उलटली तरी रक्त येतच होतं, हळद दाबून दाबून उशी पिवळी झाली होती. पाळी आली की पोर पांढरीफटक पडायची. "अंगात ताकदच नाही," म्हणून नंदा तिला खजूर खायला घालायची.

संध्याकाळी अक्षदा शेजारी गेली तशी तिने तानाजीला गाठलं.

"अगं, डॉक्टर आहेत ना बघायला," तो कुजबुजला. "सातव्या महिन्यात तिला असा धक्का द्यायचा? काही झालं म्हणजे?"

"आणि नाही सांगितलं आणि काही झालं म्हणजे?"

तानाजी टीव्हीकडे बघत राहिला. टीव्ही बंद होता. शेवटी म्हणाला, "तू जाऊन ये कल्याणला. काय असेल ते विचारून घे, डॉक्टरणीच्या कानावर घालू. अक्षूला कळायचं काही कारण नाही."

नंदाला ते पटलं. पटवून घेतलं, असं म्हणा हवं तर. लाडवांचा डिंक आणि खारीक कल्याणच्या बाजारात चांगली मिळते, असं सांगून ती घराबाहेर पडली.

संस्थेची जागा तीच होती, पण दाराला काच आली होती. अधीक्षिका स्वप्नाताई अक्षदाहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आत जाऊन फाइल आणली, उभ्या उभ्याच वाचली आणि मिटून टेबलावर ठेवली.

"काकू, ही माहिती तिची आहे. ती सज्ञान आहे, अर्ज तिनेच करायला हवा."

"मी आई आहे तिची. दाखल्यावर माझं नाव आहे."

"आहातच. पण हे मी तिच्या परवानगीशिवाय कुणालाही देऊ शकत नाही."

"नका देऊ. एवढंच सांगा, काळजीचं काही आहे का?"

स्वप्नाताईंनी पेनाचं टोपण लावलं. परत काढलं.

"तिला घेऊन या," त्या म्हणाल्या. "उद्याच आणा. सुट्टी असली तरी मी येईन."

नुसतंच 'हो' म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. बाजाराकडे न जाताच तिने रिक्षा केली. डिंकाचं काय सांगायचं, हेही तिला सुचेना. या पोरीशी खोटं बोलायला तिला आयुष्यात प्रथमच जड जात होतं.

अक्षदा पलंगावर बसून धुतलेल्या जुन्या साड्यांची दुपटी कापत होती.

"काय गं, डिंक मिळाला नाही?"

"अक्षू, कात्री ठेव जरा खाली."

"का? बाबांना काय झालं का?"

"बाबा बरे आहेत. त्या डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं ना, माझं बाळंतपण... ते खरं नाही. मला बाळंतपण झालेलंच नाही. तुला आम्ही आणलेलं. कल्याणहून."

अक्षदा आधी हसली. "काहीतरीच काय!" मग आईच्या तोंडाकडे बघून तिचं हसू विरलं. नंदा बोलत सुटली. थांबलं तर पुन्हा धीर व्हायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. संस्था, फाइल, न थांबलेलं रक्त, सगळं तिने एका दमात सांगितलं.

"आणि तो चहा?" अक्षदाने हळूच विचारलं.

"तो भावनाकाकूने मागितलेला. मितेशच्या वेळी."

"म्हणजे काकूला माहितीय. बाबांना माहितीय. फक्त मीच येडी." तिने दोन्ही हात पोटावर ठेवले. "आई, मी डॉक्टरसमोर हसत होते गं. तू बाजूला बसलेलीस. ऐकत होतीस!"



दुसऱ्या दिवशी अक्षदाचा नवरा सलिल गाडी घेऊन आला. नंदा न बोलावता मागच्या सीटवर बसली. संस्थेत दोघं आत गेली आणि स्वप्नाताईंनी दार लावून घेतलं. नंदा बाहेरच्या बाकावर. काचेतून तिला अक्षदाची पाठ दिसत होती. एकदा ती पाठ वाकली, सलिलचा हात तिच्यावर आला. नंदा अर्धवट उठली आणि परत बसली.

बाहेर आल्यावर अक्षदा तिच्याकडे न बघता म्हणाली, "मी ठाण्याला जातेय. माझं सामान बाबांबरोबर पाठव."

तानाजी बॅग पोहोचवून आला. "बोलली नाही फारसं. पाणी दिलं," एवढंच त्याने सांगितलं. त्यानंतर फोन आला नाही. नंदा मोबाइल घेऊन संडासातसुद्धा जायची. माहेरी येऊन बाळंत होणारी लेक गेलीच होती. आता पोर तरी जगू दे, एवढंच मागणं ती देवापुढे उभी राहून करायची. तेही चाचरत, कारण खोटं बोलणाऱ्याचं देव किती ऐकेल, याची तिला खात्री नव्हती.

एका दुपारी अक्षदाचं नाव स्क्रीनवर उमटलं.

"टेस्ट आल्या," पलीकडून सपाट आवाज. "तिला होतं तेच मला आहे. रक्त लवकर गोठत नाही. इथे मोठ्या हॉस्पिटलात नाव घातलंय. औषध आणि रक्त आधीच तयार ठेवणार आहेत. डॉक्टर म्हणाल्या, माहीत नसतं तर..." पुढचं तिने गाळलं.

"बाळ?"

"बाळ ठीक आहे. डिलिव्हरी मात्र साधी नाही, लक्ष ठेवावं लागेल म्हणाल्या."

नंदाने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"तिचं नाव नाही सांगितलं संस्थेत," अक्षदा म्हणाली. "एकोणीस वर्षांची होती. एकटीच आलेली दवाखान्यात. आई, तिच्याबरोबर कुणीच नव्हतं गं." आता आवाज सपाट राहिला नव्हता. "मला खूप भीती वाटतेय."

"मी येऊ?"

फोन तुटला की काय, म्हणून नंदाने स्क्रीनकडे पाहिलं.

"ये," अक्षदा म्हणाली. "पण काही होणार नाही, सगळं छान होईल, असलं काही सांगू नकोस मला."

नेमकं तेच नंदाच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"नाही सांगत," ती म्हणाली. "मलाही भीती वाटतेय, अक्षू. निघते मी."