टाळूच्या तेलाची वाटी

मी एक जुनी पितळेची वाटी आहे, मित्रांनो. भंडाऱ्यात घडले आणि सानगडीच्या बाजारात तिथल्याच देवकाबाईंच्या हाती लागले. माझ्या काठावर एका जागी थोडी खळगी आहे. तेल घेताना त्यांचा अंगठा तिथे असायचा.

देवकाबाई बाळंतिणींची आणि बाळांची मालिश करायच्या. सकाळी मला चुलीशी ठेवायच्या. तेल कोमट झालं की आम्ही निघायचो. त्या बाळाच्या टाळूवर तेल थापायच्या, तेव्हा तिथली कातडी हलकेच उडताना मला दिसायची. टाळू लवकर भरली की मालिशवालीचं नाव व्हायचं, अशी गावाची समजूत होती. देवकाबाईंचीही.

गावातल्या तुलारामच्या मुलाची, कैलाशची, टाळू तिसऱ्या महिन्यातच भरली. तुलारामनं त्यांना हिरवं लुगडं दिलं. त्या दिवशी मलाही चिंचेनं घासून लख्ख केलं. पण कैलाशचं डोकं रुंद होईना. ते मागेपुढेच वाढत गेलं, तळ्यातल्या डोंग्यासारखं लांबट. कुशीवर निजतो म्हणून असेल, असं सगळे म्हणाले. देवकाबाई कपाळावर आणि मागे तळवे ठेवून रोज ते गोल करू पाहत.

आठव्या वर्षी कैलाशचं डोकं सारखं दुखू लागलं. फळ्यावरचं दिसेना. त्याला नागपूरला नेलं, तेव्हा देवकाबाई सोबत गेल्या. परत आल्यावर त्यांनी आपल्या लेकीला, कामिनीला, जे सांगितलं ते मी फळीवरून ऐकलं.

जन्मताना कवटीची हाडं एकमेकांशी जुळलेली नसतात. त्यांच्यामध्ये शिवणी असतात. आतला मेंदू वाढतो तसं शिवणींच्या कडेला नवं हाड धरत जातं, आणि कवटी मोठी होते. एखादी शिवण वेळेआधीच हाडानं बुजली, तर तिच्या आडव्या दिशेनं डोक्याला वाढता येत नाही. मग जिकडे शिवणी मोकळ्या असतील, तिकडेच ते वाढतं. कैलाशची मधली, पुढून मागे जाणारी शिवण अशीच बुजली होती आणि तिथे हाडाचा उंचवटा आला होता.

"डाक्टर म्हणे, मालिशनं हे होत नाही, अन् मालिशनं जातही नाही," देवकाबाई म्हणाल्या. "पण बाई, माझ्या बोटाले ते रोज लागत होतं. मधोमध, उंच. अन् मी लुगडं घेऊन बसली."

ते लुगडं त्या पुन्हा नेसल्या नाहीत. त्यानंतर कोणतंही बाळ मांडीवर आलं की आधी कोरडं बोट त्याच्या डोक्यावरून फिरायचं. मग ते माझ्यात बुडायचं.

गेल्या वर्षी गावातल्या चंदाची लेक डिंपल दोन महिन्यांची होती. बोट मधोमध थांबलं. मागे गेलं, परत पुढे आलं.

"चंदा, हे दाबाचं काम नाही. हिले नागपूरले दाखव. आताच."

चंदाची सासू सीताबाई दारातूनच बोलली, "काय वो देवकाबाई, हात थकले काय तुमचे? टाळू तं कशी मस्त भरून राहिली. अन् तुम्ही भेव काहून दाखवता?"

"माह्यानं एक डाव चुकलं, सीताबाई."

"तं राहू द्या. आमाले दुसरी भेटते."

आम्ही घरी आलो तेव्हा माझ्यातलं तेल तसंच होतं. पुढे गावात बोललं गेलं, की देवकाबाई चांगल्या लेकरात खोट काढते. एकेक घर बंद झालं. माझ्यातलं तेल घट्ट झालं, काठावर हिरवट डाग पडले; शेवटी त्यांनी ते तेल ओतून टाकलं. चंदा माहेरी गेली ती परतली नव्हती. देवकाबाई दुपारी उंबऱ्यावर बसायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला डिंपलचं विचारायच्या. "माहेरी हाये," एवढंच उत्तर यायचं. मग आत येऊन त्या मला पुसायच्या आणि रिकामीच ठेवून द्यायच्या.

फोनवर कामिनीला विचारायच्या, "नेलं असन काय वो तिनं?"

"नेलं असेल, आई."

कामिनीलाही ठाऊक नव्हतं.

धानाच्या कापणीत देवकाबाई गेल्या. तेराव्याला चंदा आली, डिंपलला कडेवर घेऊन. बराच वेळ ती दारातच उभी होती.

"मी त्याच हप्त्यात माहेरातून नेलं होतं, ताई. सहाव्या महिन्यात आपरेशन झालं. डाक्टर म्हणे, बरं झालं वेळेवर आणलं. सासूबाईच्या भेवानं इकडे आली नाही. तुमच्या आईले सांगाले येतो, येतो, म्हणतच राहिली."

कामिनीनं डिंपलच्या डोक्यावर हात ठेवला. केसांखाली या कानापासून त्या कानापर्यंत नागमोडी व्रण होता. तिचं बोट मधोमध पुढून मागे गेलं. कुठे थांबलं नाही.

मग तिनं मला फळीवरून काढलं, घासलं, तेल ओतलं. तिचा अंगठा खळगीच्या किंचित बाजूला पडला.

मित्रांनो, घरात तान्हं बाळ असेल तर मोठ्यांना सांगा, त्याच्या डोक्यावरून हळूच बोट फिरवा. कडक उंचवटा लागला, किंवा डोकं एकाच बाजूनं वाढताना दिसलं, तर दाबू नका आणि थांबूही नका, डॉक्टरांना दाखवा. आणि ज्या माणसानं ते पहिल्यांदा सांगितलं, त्याच्या दारी जाऊन बाळ बरं असल्याचं कळवा. चंदाच्या माहेराहून सानगडीला बसनं अर्धा तास लागतो.