वायर ओढायच्या आधी

ऋषिराजला त्याच्या बारामतीत तोंड दाखवायला जागा राहू नये, एवढंच युवराजला हवं होतं.

युवराज ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्या संस्थेचे कॉम्प्युटर बघायचा. फोन आला की ॲम्ब्युलन्स धाडायची तिथली यंत्रणा बसवली ऋषिराजने. तेव्हाच युवराज म्हणाला होता, क्लस्टर करा, म्हणजे एक मशिन पडलं तर दुसरं सगळी माहिती घेऊन उभं राहील. ऋषिराज हसला होता. "लोड बॅलन्सर हाय की! दोन मशिनं कॉल वाटून घेत्यात. अजून काय पाहिजे?"

कॉल वाटले जात होते, हे खरं. पण नोंदी ठेवणारं मशिन मागं एकच होतं. ते बंद पडलं त्या दिवशी निरवांगीला सुप्रियाच्या, युवराजच्या बायकोच्या, छातीत कळ आली. जवळच शेळगावात ॲम्ब्युलन्स रिकामी उभी होती. ड्रायव्हरला कुणी कळवलंच नाही. सुप्रिया गेली.

आता ऋषिराजने क्लस्टर बसवला होता. इंदापूरच्या ऑफिसात संस्थेचे अध्यक्ष हिंदुराव आबा चाचणी बघायला बसले होते.

"पेशंट म्हणून काहीतरी नाव टाकतो," ऋषिराज म्हणाला.

"स्वरूपा वहिनींचं टाका," युवराज म्हणाला.

"माझ्या बायकोचं? कशाला?"

"मशिनवर भरवसा हाय ना?"

"टाका की राव," आबा म्हणाले. "नाव टाकून काय मरतंय व्हय कुणी?" म्हणाले आणि एकदम खाली बघायला लागले.

ऋषिराजने नाव टाकलं.

"तक्रार लिहा. छातीत कळ."

तेही त्याने लिहिलं. युवराजने चालू मशिनची वायर ओढली.

पडद्यावरचं नाव गेलं. नुसतं चक्र फिरत राहिलं.

"येईल, आत्ता येईल," ऋषिराज म्हणाला. त्याचा हात खिशातल्या मोबाईलवर गेला होता. घरी फोन लावावा की काय, असं तोंड झालं होतं त्याचं. युवराज पडद्याकडं बघतच नव्हता.

मग दुसऱ्या मशिनने काम उचललं. स्वरूपाचं नाव आलं, खाली ॲम्ब्युलन्सचा नंबरही आला.

"बघितलं का? चाललं!" ऋषिराजने घाम पुसला.

"चाललं," युवराज म्हणाला. "म्हणजे तुमाला हे येत होतं."

ऋषिराजने पडद्यावरचं नाव पुसलं.

युवराजने वायर परत जोडली. "पुन्हा टाका."

"आता कुणाचं?"

"वहिनींचंच."

"युवराज, पुरं आता," आबा हळू आवाजात म्हणाले.

युवराज आता दुसऱ्या मशिनची वायर धरून उभाच राहिला. ऋषिराजची बोटं कीबोर्डवर जाईपर्यंत त्याला घाई नव्हती.