खोल पाण्यातली वाम

चुलीवरच्या दोरीला टांगलेली सुकी वाम मासळी धुरात संथ हलायची, आणि फुंकणी हातात घेऊन तिच्याकडे पाहणाऱ्या भागीवहिनीची मानही त्याच लयीत. शहापूरच्या डोंगराआडच्या आमच्या पाड्यात खोल समुद्राचा एवढाच तुकडा पोहोचला होता. माझा चुलतभाऊ नथूदादा, वहिनीचा नवरा, मच्छीमार बोटीवर खलाशी. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या तेव्हा त्याने तो घरी आणला. वाम होती हातभर, मी मात्र खर्डीपर्यंत सांगत सुटलो, की शेपूट पाड्यात आलंय, तोंड अजून कसाऱ्याच्या बोगद्यात अडकलंय!

“हा तं सापच हाय गो!” शेजारणी ओरडायच्या.

“सापाला कल्ले कवा बघलेस?” वहिनी हसायची. मग तिचं बोट सावकाश फिरे: कल्ल्यामागचा पानासारखा पर, खवल्यांवाचून नितळ कातडी, पाठीवरून निघून शेपटीला वळसा घालत पोटाखाली अखंड आलेली झालर, आणि सुकून खोल गेलेले, पण काळोख पिऊन करवंदाएवढे झालेले डोळे. दादाने शिकवलेल्या या खुणा ती न चुकता सांगे, तेव्हा कुडाच्या फटींतून आलेलं तिरपं ऊन तिच्या नखावर थबकून राही.

पुढल्या साली दादा पुन्हा समुद्रावर गेला. बोटी परतल्या. दादा परतला नाही. हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या ठाण्यातून निरोप आला: एक प्रेत लागलंय, ओळखायला या. मी वहिनीसोबत गेलो. पाण्याने चेहरा ठेवला नव्हता.

“ओळखीची खूण सांगा, बाई,” हवालदार हळू म्हणाला.

वहिनीचा हात उचलला गेला आणि हवेत तसाच राहिला, वारा पडल्यावरच्या भाताच्या लोंबीसारखा. तीळ कुठल्या गालावर, व्रण कुठल्या गुडघ्याला, काही आठवेना.

“वैनी, सांग ना गो.”

“तूच सांग रे. तू तं कायपन सांगतस.”

एक थाप पुरली असती. अग्नी देऊन आम्ही परतलो असतो, पाड्याने दिवस घातले असते, तिचं वाट पाहणं संपलं असतं. तेवढी एक थाप मात्र मला रचता आली नाही.

तिने चादर पुन्हा ओढली, झोपलेल्या लेकरावर ओढावी तशी. “हा आमचा नाय,” ती म्हणाली. आवाजात ओल नव्हती, कोरडही नव्हती.

तो दादाच होता का, हे तिला ठाऊक होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. कुंकू ती अजून लावते. काळ आधी चेहरा नेतो, मग आवाज. वाट पाहणं तेवढं उंबऱ्यात बसून राहतं, आणि कुणाची, हे हळूहळू त्यालाही आठवेनासं होतं.