एकदा दिलेलं नाव

"हे चालणार नाही," असं बेथनीने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा अदेलिनोने ते राहण्याच्या परवान्याचं निळं कार्ड टेबलावरून उचललं, बाहीने पुसलं आणि पुन्हा तिच्यासमोर ठेवलं. पुसून ते चालायला लागेल असं वाटण्याइतका काही तो भोळा नव्हता. पण पोरीची नजर भलतीकडेच जात असेल म्हणून त्याने कार्डावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं. 'कायमस्वरूपी.'

"हे मी नाही छापलं, तुमच्या सरकारने छापलंय," तो म्हणाला. "तुमच्या देशात कायमचं म्हणजे किती वर्षं?"

बेथनी हसली नाही. इंग्लंडातल्या थेटफर्डच्या त्या कोंबड्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात तिला लागून दोनच आठवडे झाले होते. कारखान्याचा मालक नुकताच बदलला होता आणि नव्या मालकाला सगळ्या परदेशी कामगारांचे कागद नव्याने तपासून हवे होते. तिने सावकाश समजावलं. देश युरोपीय संघातून बाहेर पडला, त्यामुळे ही निळी कार्डं बाद झाली. दोन हजार एकवीसच्या जूनअखेरपर्यंत प्रत्येकाने पुन्हा अर्ज करायचा होता. ज्यांनी केला त्यांचं नाव सरकारच्या कॉम्प्युटरात आहे. त्यांनी तिथून नऊ अक्षरांचा कोड काढायचा आणि तिला द्यायचा, म्हणजे ती पाहून घेईल.

"आणि कार्ड?"

"आता कार्ड नसतं. सगळं ऑनलाइन."

"म्हणजे वीज गेली की मी बेकायदा."

"शुक्रवारपर्यंत आणा, अदेलिनो," ती म्हणाली. "नाहीतर मला तुम्हाला कामावर ठेवता येणार नाही. खरंच सांगते."

खरंच सांगते म्हणणाऱ्या माणसापासून चार हात दूर राहावं, हे अदेलिनोला त्याच्या बापाने शिकवलं होतं. बाप अमादेउ पोर्तुगालात रेल्वेत होता. हुकूमशाहीचे दिवस. निवडणुका मोकळ्या घ्या अशा मागणीचा कागद गावात फिरला. काही होत नाही, खरंच सांगतो, म्हणत शेजाऱ्याने पुढे केला आणि बापाने सही ठोकली. तोच कागद पोलिसांच्या हाती यादी म्हणून गेला. नोकरी गेली, रेल्वेची खोली गेली, आणि जन्मभर बाप दुसऱ्यांच्या बागेत चेस्टनट वेचत राहिला. घरात दुसरी प्रार्थना विसरली तरी चाले, पण कुठल्या यादीत नाव द्यायचं नाही ही विसरून चालत नसे.

तरी अदेलिनोने आयुष्यात एकदा नाव दिलं होतं. या निळ्या कार्डासाठी, अकरा वर्षांपूर्वी. शंभराच्या आसपास पानांचा अर्ज, पगाराच्या सगळ्या चिठ्ठ्या, आणि बदल्यात हातात धरता येईल अशी वस्तू. व्यवहार रोखठोक होता. म्हणून पुढे युरोपातून फुटायचं ठरलं आणि सगळे पोर्तुगीज चर्चच्या हॉलमध्ये फोन घेऊन रांगा लावायला लागले, तेव्हा तो ढुंकूनही तिकडे फिरकला नाही. बायको ग्रासियेत आपला अर्ज करून आली. मुलगी इल्दा इंग्रजाशी लग्न करून कधीच इथली नागरिक झाली होती. दोघी मागे लागल्या. तेव्हा त्याने जेवताना ताट सरकवून सांगितलं होतं, "एकदा दिलेलं नाव पुन्हा मागतात ते खोडायलाच मागतात. माझ्या वतीने कुणी नाव दिलं तर या टेबलावर मी पुन्हा बसणार नाही." दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हा तर पाणीसुद्धा फुंकून पिणारा.

आता पंच्याहत्तर पावलांवर कोंबड्या वाहून नेणारा पट्टा थांबला होता आणि त्याला दुरुस्तीला बोलावत होते. पट्ट्याखाली आडवा पडून पाना फिरवताना त्याचं डोकं मात्र बेथनीच्या टेबलाशीच होतं. हे कुणी लावून दिलं? सगळ्यांत आधी त्याला झेफेरिनो आठवला. झेफेरिनो त्याच्याच गावाकडचा, त्याच्या दहा वर्षं मागून आलेला आणि आता पाळीचा प्रमुख. मागून आली आणि तिखट झाली, त्यातली गत. एक माणूस निळं कार्ड घेऊन सुट्टीवरून परत आला आणि विमानतळावर त्याला पाच तास बसवून ठेवलं, ही गोष्ट याच झेफेरिनोने फेब्रुवारीत जेवणाच्या सुट्टीत सांगितली होती, तीही अदेलिनोकडे बघत.

आणि मार्चमध्ये बेल्मिरो गेला.

बेल्मिरो त्याचा धाकटा भाऊ. ब्रागांसाजवळच्या गावात बापाचं घर सांभाळून राहिलेला. हृदय बंद पडलं; फोन आला तेव्हा इल्दाही इथे येऊन बसली होती. "बाबा, तिकीट बघू?" तिने विचारलं. अदेलिनो म्हणाला, रजा नाही. रजा होती, चांगली बारा दिवसांची होती. पण जाता येईल आणि परत येताना कुणी त्या काचेमागून "हे चालणार नाही" म्हणेल, मग घर इकडे, बायको इकडे, नात रोझी इकडे, आणि आपण तिकडे, ही खरी भीती होती. भीती कबूल करायची म्हणजे कार्डात खोट आहे हेही कबूल करायचं. ते त्याच्याने झालं नाही. भावाला त्याच्याशिवाय पुरलं.

दुपारी दोनला पाळी सुटली. तो घरी आला तेव्हा ग्रासियेत सूपासाठी कोबीची पानं बारीक चिरत होती. ती वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात सकाळचं काम करते, एकलाच येते. तो उभ्या उभ्याच सगळं सांगत सुटला: बेथनी, कोड, शुक्रवार, आणि झेफेरिनोबद्दल त्याला काय वाटतं ते.

ग्रासियेत चिरत राहिली.

इथे त्याच्या मनात पाल चुकचुकली. ही बाई बस पाच मिनिटं उशिरा आली तरी येशूला हाक मारते. नातीला शिंक आली तर हिला न्यूमोनिया दिसतो. नवऱ्याची नोकरी चार दिवसांत जाणार, उद्या देशातूनही काढतील, आणि हिचा सुरा एकदाही थांबला नाही?

"ऐकलंस ना?" त्याने विचारलं.

"ऐकलं. हात धू आणि बस."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटायचं काय त्यात? कोड काढून देते मी."

"कुठून काढून देतेस? कोड माझा असायला माझं नाव तिथे असायला लागतं."

ग्रासियेतने सुरा खाली ठेवला. ॲप्रनला हात पुसले, फोन घेतला, आणि चष्मा कपाळावरून खाली ओढून ती बोट फिरवत बसली. तेवढ्या वेळात अदेलिनोला सगळं कळत गेलं, एकेक करून, आणि कळू नये असंही वाटत गेलं.

"एकवीस सालच्या जूनमध्ये केलं," ती फोनवरून मान न उचलता म्हणाली. "शेवटचा आठवडा होता. चर्चच्या हॉलमधल्या बाईने मदत केली. तुझा पासपोर्ट माझ्याच कपाटात असतो. चेहरा तेवढा हवा होता, तर रोझीचा व्हिडिओ कॉल आलाय म्हणून मी फोन तुझ्यासमोर धरला. तुझ्या तोंडावर लाल-निळा उजेड पडला तेव्हा तू विचारलंस हे काय, मी म्हटलं मुलांचा खेळ आहे. चार दिवसांत मंजूर झालं. वीस वर्षांचा कर भरलास म्हणून काही विचारलंही नाही त्यांनी."

अदेलिनोला राग यायला हवा होता. तो आला, पण त्याच्या पुढे धावत दुसरंच काहीतरी आलं. त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

"म्हणजे मार्चमध्ये होतं."

ग्रासियेतने फोन पालथा ठेवला.

"मार्चमध्ये माझं नाव तिथे होतं. मी जाऊन येऊ शकत होतो. आणि मी रजा नाही म्हणून खोटं बोलत होतो, तेव्हा तू तिथे, त्या नळापाशी उभी होतीस. तू 'बरं' म्हणालीस."

"म्हणाले."

"का?"

"आधी तुला भिऊन सांगितलं नव्हतं. टेबलावर बसणार नाही म्हणाला होतास." तिने चष्मा काढला. "पण मार्चमध्ये ते कारण नव्हतं. मार्चमध्ये मी सांगायला म्हणून सकाळी उठले होते. तुझा काळा सूटही काढून ठेवला होता. आणि मग धीर नाही झाला."

"कसला धीर?"

"तू परत आला असतास?"

अदेलिनोने तोंड उघडलं. आलो असतो म्हणायला एक क्षण पुरतो, आणि तो क्षण त्याच्या हातून गेला. गेली बावीस वर्षं तो दर रविवारी म्हणत आला होता की पेन्शन सुरू झाली की आपण गावी. 'आपण' म्हणायचा, पण ग्रासियेतला विचारायचा नाही. बापाचं अर्धं घर त्याच्या नावावर. गेल्या वर्षापर्यंत दर ऑगस्टमध्ये जाऊन त्या घराचं कधी छप्पर, कधी जिना नीट करून यायचा, आणि इथल्या न्हाणीघरातला पाझरणारा नळ मात्र तसाच. ग्रासियेतची नात इथे, मुलगी इथे, धुलाईखान्यातल्या मैत्रिणी इथे. रिकाम्या झालेल्या घरात भावजय एकटी, कुणीतरी माणूस हवाच. आणि याला तर निमित्तच हवं होतं. तिने हिशेब चुकीचा मांडला होता असं त्याला प्रामाणिकपणे म्हणता येईना.

"माझा भाऊ मातीत गेला, ग्रासियेत."

"माहितीये मला. त्याच्यासाठी रोज मेणबत्ती लावते. त्याने तुझं काही भरून येत नाही, हेही माहितीये." तिने चिरलेली पानं पातेल्यात लोटली. "मला लाज वाटते. पण खरं सांगू? तू गेला असतास आणि आला नसतास, तर लाजेपेक्षा ते वाईट झालं असतं माझ्यासाठी."

त्या रात्रीचं सूप दोघांनी वेगवेगळ्या वेळी खाल्लं. तो टेबलावर बसला नाही, ओट्याशी उभा राहून प्यायला. शब्द दिला होता तो निदान एवढा तरी पाळावा म्हणून. मंगळवार, बुधवार घरात कामापुरतं बोलणं झालं. गुरुवारी त्याच्या डब्यात पावाबरोबर घडी घातलेला कागद होता, त्यावर तिच्या गोल अक्षरात नऊ अक्षरं.

शुक्रवारी त्याने तो कागद बेथनीला दिला. तिने टाईप केलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. त्यात तो होता, त्याच्या मागे स्वयंपाकघराची पिवळी भिंत, आणि तो चक्क हसत होता, नातीकडे बघतोय समजून.

"झालं," बेथनी म्हणाली. "आधी का नाही दिलात? मी आठवडाभर झोपले नाही तुमच्यापायी."

बाहेर झेफेरिनो उभा होता. अदेलिनोने पाठ ताठ केली, काय टोमणा येतो म्हणून. झेफेरिनो एवढंच म्हणाला की त्याने बेथनीला सांगून ठेवलं होतं, म्हातारा हट्टी आहे पण त्याच्या कागदात खोट नसणार, आणि वेळ लागला तर अजून एक आठवडा दे. अदेलिनो आभार मानायला विसरला. आता याच्यावरही संशय घ्यायची सोय राहिली नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

ऑक्टोबर संपत आला होता. एक नोव्हेंबरला गावाकडे सगळे आपापल्या माणसांच्या कबरी धुतात, शेवंतीची फुलं ठेवतात. शनिवारी त्याने ग्रासियेतला सांगितलं की तो बेल्मिरोसाठी जाणार आहे. चार दिवस. इल्दाने तिकीट काढलंय, जायचं आणि यायचं.

"बरं," ग्रासियेत म्हणाली, आणि मग, "बॅग मी भरते."

सोमवारी सकाळी टॅक्सी यायला अर्धा तास होता. ती स्वयंपाकघरात होती, इकडे पाठ करून. त्याने पलंगावरची बॅग उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. चार दिवसांच्या मानाने फारच जड होती. त्याने चेन उघडली.

सगळ्यांत वर काळा सूट. त्याखाली थंडीचा मोठा कोट. त्याखाली सहाच्या सहा शर्ट, लोकरीचे मोजे, कामाचे बूट कागदात गुंडाळलेले, त्याच्या रक्तदाबाच्या तीन महिन्यांच्या गोळ्या. तळाशी, टॉवेलात नीट गुंडाळून, भिंतीवरचा त्याच्या आईचा फोटो. भिंतीकडे पाहिलं तर खिळा तसाच होता.

अदेलिनोने टॉवेल उलगडला. फोटो खिळ्यावर टांगला, वाकडा होता तो सरळ केला. मोठा कोट कपाटात अडकवला. चार शर्ट कप्प्यात ठेवले, ते तिच्यासारखे घडीत बसेनात, म्हणून दोनदा घड्या घातल्या. गोळ्यांची चार दिवसांची एक पट्टी ठेवली, बाकी बाजूच्या टेबलात. बूट घेऊन तो बाहेरच्या दारापाशी गेला आणि तिच्या बुटांशेजारी त्यांच्या जागेवर ठेवले.

कपाटाची दारं दोनदा वाजली होती. ग्रासियेत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, कधी आली त्याला कळलं नाही. तिने बुटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तिकडे थंडी पडली असेल," ती म्हणाली. "कोट तरी ने."

"चार दिवसांत किती लागणार थंडी," तो म्हणाला, आणि टॅक्सी येईपर्यंत टेबलावर जाऊन बसला.